धनुष्य कशाला म्हणावे? : अमेरिकेतील धनुर्मृगयेच्या हंगामाविषयीच्या वादाची चिकित्सा

प्रास्ताविक

संस्कृत भाषेत 'चाप' या शब्दाचा अर्थ धनुष्य असा आहे. मराठीत मात्र बंदुकीची जी कळ बोटाने ओढली असता गोळी सुटते, तिच्यासाठी तोच शब्द रूढ झाला. एकाच शब्दाच्या पोटात सामावलेल्या या दोन अर्थांत नेमके कोणते अंतर आहे, हा प्रश्न मराठी भाषकास केवळ व्युत्पत्तीचा वाटेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र तो गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ विधिमंडळे, वन्यजीव आयोग आणि शिकाऱ्यांच्या संघटना यांना विभागून टाकणारा प्रश्न ठरला आहे. धनुर्धारी शिकाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या हंगामात कोणती शस्त्रे चालावीत, विशेषतः चाप असलेले धनुष्य म्हणजे 'क्रॉसबो' चालावे की नाही, असे या वादाचे बाह्य स्वरूप आहे. या वादात दोन्ही बाजूंनी ज्या वाङ्मयीन परंपरेचा आधार घेतला जातो, ती परंपरा खरोखर काय सांगते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी सॅक्स्टन पोप यांचे 'हंटिंग विथ द बो अँड ॲरो' (१९२३) हे पुस्तक आणि आल्डो लिओपोल्ड यांचा 'वाइल्डलाइफ इन अमेरिकन कल्चर' (१९४३) हा निबंध प्रामुख्याने विचारात घेतला आहे.

भारतीय वाचकाला या विषयाची पार्श्वभूमी परकी वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली. त्या कायद्यातील 'शस्त्र' या संज्ञेच्या व्याख्येत बंदूक, धनुष्यबाण, जाळे, फास, सापळा, विष असे सारे एकाच पंक्तीला बसविलेले आहे. ज्या व्यवस्थेत शिकारच निषिद्ध, तेथे शस्त्राशस्त्रांत तरतम भाव करण्याचे कारण उरत नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला, तेव्हा मृगयेचे प्रकार वेगवेगळे सांगण्याची गरज होती. आज ती नाही. अमेरिकेत मात्र वन्यप्राणी ही राज्याने जनतेच्या वतीने सांभाळावयाची ठेव मानली जाते आणि त्या ठेवीतून कोणी, केव्हा, कशाने व किती उचल करावी हे प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरविते. 'कशाने' या प्रश्नाला तेथे 'केव्हा' हा प्रश्न जोडलेला आहे, आणि वादाचे मूळ या जोडणीत आहे.

हंगामाची भाषा

विस्कॉन्सिन राज्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. तेथे हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबर महिन्यात अवघा ९ दिवसांचा असतो. धनुष्याचा हंगाम मात्र सप्टेंबरच्या मध्यास सुरू होतो आणि जानेवारीच्या आरंभापर्यंत चालतो. म्हणजे धनुर्धाऱ्याला साडेतीन महिन्यांहून अधिक काळ मिळतो. शिवाय नर हरीण माजावर येऊन सावधपणा विसरते तो काळही त्याच्याच वाट्याला येतो. १९३४ मध्ये याच राज्याने सॉक आणि कोलंबिया या दोन परगण्यांत धनुर्धाऱ्यांसाठी वेगळा हंगाम प्रथम जाहीर केला. एवढ्या औदार्यामागील तर्क साधा होता. धनुष्य हे दुबळे शस्त्र आहे. त्याने फार थोडी जनावरे पडतात. म्हणून ते वापरणाऱ्यास अधिक वेळ दिला तरी कळपांना धोका नाही. हंगाम हे त्या दुबळेपणाचे पारितोषिक होते असे म्हटले तरी चालेल.

पुढे शस्त्राचा दुबळेपणा ओसरत गेला, पारितोषिक मात्र कायम राहिले. मिसुरी राज्यातील होलेस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या टोकांना कप्प्या बसवून जे 'कंपाउंड' धनुष्य बनविले, त्याचे पेटंट १९६९ मध्ये मंजूर झाले. साध्या धनुष्याची दोरी जसजशी मागे ओढावी तसतसा तिचा भार वाढत जातो. पूर्ण ओढलेली दोरी धरून ठेवताना हात थरथरू लागतात. कंपाउंड धनुष्यात याच्या उलट घडते. शेवटच्या टप्प्यात कप्प्या भार आपल्यावर घेतात. ७० पौंडांचे धनुष्य ८० टक्के भार सोडीत असेल तर पूर्ण ओढीच्या अवस्थेत धनुर्धाऱ्याच्या बोटांवर केवळ १४ पौंड राहतात. परिणामी सावज योग्य कोनात येईपर्यंत त्याला थांबता येते. त्यात दर्शक-खुणा आणि दोरी सोडण्यासाठी मनगटाला बांधावयाची कळ यांची भर पडली. या कळीलाही बहुधा चापच असतो, ही गोष्ट वादाच्या भरात सोयीने विसरली जाते.

क्रॉसबोमध्ये दोरी आधीच ओढून अडकविलेली असते. तिला धरून ठेवण्यासाठी स्नायूंची गरज नाही. दस्ता खांद्याला टेकवायचा, दुर्बिणीतून नेम धरायचा आणि चाप ओढायचा. ओहायोसारख्या राज्याने १९७० च्या दशकातच या शस्त्राला दार उघडले. अन्यत्र ते प्रथम अपंगत्व असलेल्या शिकाऱ्यांपुरते, मग वृद्धांपुरते आणि शेवटी सर्वांसाठी खुले झाले. विस्कॉन्सिनमध्ये २०१४ पूर्वी ६५ वर्षांवरील व शारीरिक अडचण असलेल्या व्यक्तींनाच ते वापरता येई. त्या वर्षापासून सर्वांसाठी क्रॉसबोचा स्वतंत्र हंगाम, पण धनुष्याच्या हंगामाच्याच काळात, सुरू झाला. मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया यांनी २००९ मध्ये तर मिनेसोटाने २०२३ मध्ये या दिशेने निर्णायक पावले टाकली. विरोधकांच्या दृष्टीने हा सारा इतिहास म्हणजे उंटाने तंबूत शिरकाव केल्याची गोष्ट आहे. मात्र तंबूत आधी कोण शिरले होते, हे त्यांनी विचारलेले नाही.

पोप यांची परंपरा आणि इशीचा वारसा

धनुष्याच्या हंगामात क्रॉसबोला स्थान नको, असे म्हणणारा पक्ष 'परंपरा' हा शब्द वारंवार वापरतो. या परंपरेचा आद्य ग्रंथ म्हणून पोप यांच्या पुस्तकाकडे पाहिले जाते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या 'पोप अँड यंग क्लब' या संस्थेच्या नावातही ते आणि त्यांचे सहकारी आर्ट यंग चिरंतन झाले आहेत. धनुष्य हाताने ओढलेले आणि हातानेच धरून ठेवलेले असावे, ही या क्लबची भूमिका असून क्रॉसबोने मारलेल्या जनावराची नोंद तिच्या विक्रमांत होत नाही. तेव्हा ज्यांच्या नावाने ही रेषा ओढली गेली त्या पोप यांचे पुस्तक काय सांगते, हे तपासणे आवश्यक ठरते.

पोप हे सॅन फ्रान्सिस्को येथील शल्यविशारद होते. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ याही जमातीचा एक उपाशी, एकटा मनुष्य आढळला. वसाहतकारांनी केलेल्या कत्तलींत त्याची जमात नष्ट झाली होती. त्याला विद्यापीठाच्या संग्रहालयात आणले गेले. याही रिवाजानुसार स्वतःचे नाव स्वतः सांगावयाचे नसते. म्हणून मानववंशशास्त्रज्ञांनी त्याला 'इशी', म्हणजे त्याच्या भाषेत 'माणूस', असे म्हटले. पोप त्याचे वैद्य झाले आणि त्याचे शिष्यही. धनुष्य कसे तासावे, बाणाला पिसे कशी बांधावीत, हरणाला जवळ कसे बोलवावे, हे त्यांनी इशीकडून शिकून घेतले. १९१६ मध्ये क्षयाने इशीचा मृत्यू झाला. पोप यांच्या पुस्तकातील इशीविषयीची प्रकरणे हा त्यातील सर्वांत सकस भाग आहे. निरीक्षण बारीक, गद्य संयत आणि मित्राविषयीचा आदर खरा आहे.

असे असले तरी या प्रकरणांपुढे पुस्तक ज्या वळणाने जाते ते चिकित्सेस पात्र आहे. इशीचे आखूड, लाकडी धनुष्य मागे पडते आणि त्याची जागा यू लाकडाचे इंग्रजी लाँगबो घेते. शिक्षक याही, आदर्श मात्र मध्ययुगीन इंग्रज, अशी ही विभागणी आहे. 'परंपरा' म्हणून आज जी सांगितली जाते ती अशा रीतीने दोन वेगळ्या वारशांतून एका विसाव्या शतकातील डॉक्टराने जुळविलेली आहे. तीत कमीपणा काही नाही, परंतु ती प्राचीन आहे असा दावा टिकत नाही. शिवाय इशीच्या शिकारीत 'निष्पक्ष पाठलाग' या संकल्पनेचा मागमूस नाही. ती संकल्पना थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये स्थापन झालेल्या 'बून अँड क्रॉकेट क्लब'च्या वर्तुळातली, म्हणजे सुखवस्तू पूर्वकिनाऱ्यावरची आहे. इशी दबा धरून बसे, पिलाच्या आवाजाची नक्कल करी, पेंढा भरलेले हरणाचे मुंडके डोक्यावर चढवून सावजाला भुलवी. शिकारीपूर्वी तो स्नान करी, तंबाखू वर्ज्य करी, विशिष्ट अन्न टाळी. त्याचे नियम शस्त्राविषयी नव्हते, शिकाऱ्याच्या देहाविषयी होते. शस्त्राच्या रचनेत नीती शोधणाऱ्यांनी इशीला कुलपुरुष मानावे, ही गंमत नोंदविण्याजोगी आहे.

१९२५ च्या आफ्रिकेतील सिंहांच्या शिकारीच्या मोहिमेत पोप आणि यंग यांच्यासोबत बंदूकधारी सोबतीही होते. या मोहिमेचे वृत्त देणारे त्यांचे पुस्तक १९२६ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाले. बंदुकीचे पाठबळ घेऊन केलेल्या धनुर्मृगयेचे हे वर्णन वाचताना धनुष्याचे श्रेष्ठत्व नेमके कशात, असा प्रश्न पडतो. पोप तो दडवीत नाहीत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. त्यांच्या नावाने रेषा ओढणाऱ्यांनी मात्र या पानांकडे दुर्लक्ष केलेले दिसते.

क्लबची रेषाही स्थिर राहिलेली नाही. कंपाउंड धनुष्य ६५ टक्क्यांहून अधिक भार सोडीत असेल तर त्याने मिळविलेली शिकार नोंदवायची नाही, असा दंडक होता. पुढे तो शिथिल झाला. बाणाच्या बुडाशी लावलेला विद्युत दिवा निषिद्ध होता. २०१४ मध्ये तो मान्य झाला. प्रत्येक वेळी आदल्या पिढीचे 'यंत्र' पुढच्या पिढीची 'परंपरा' बनले. विरोध करणाऱ्यांनी ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेचा दाखला देण्याचाही मोह टाळावा. ख्रिस्ती माणसांविरुद्ध वापरण्यास मनाई करणाऱ्या त्या नियमात क्रॉसबोवाल्यांसोबत साधे धनुर्धारीही निषिद्ध ठरविलेले आहेत.

लिओपोल्ड यांची कबुली

लिओपोल्ड यांचे नाव या वादात तुलनेने कमी येते, याचे आश्चर्य वाटते. ते स्वतः धनुर्धारी होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिकोतील गिला परिसरात त्यांनी धनुष्याने हरणांचा माग काढला होता. त्यांच्या पत्नी एस्टेला या विस्कॉन्सिनच्या महिला धनुर्विद्या विजेत्या होत्या. 'अ सँड काउंटी अल्मनॅक' (१९४९) या त्यांच्या मरणोत्तर पुस्तकाला ज्या पडक्या शेतघराने जन्म दिला ते सॉक परगण्यातच, म्हणजे १९३४ च्या त्या पहिल्या हंगामाच्या भूमीवर आहे.

१९४३ च्या निबंधात, जो पुढे याच पुस्तकात समाविष्ट झाला, लिओपोल्ड शिकारीच्या उपकरणांचा सुळसुळाट हा सांस्कृतिक ऱ्हास मानतात. शिकाऱ्याच्या कौशल्याला पूरक म्हणून आलेली साधने हळूहळू कौशल्याची जागा घेतात, असा त्यांचा आक्षेप आहे. या प्रवाहाविरुद्धची प्रतिक्रिया म्हणून ते धनुष्यबाणाच्या पुनरुज्जीवनाचा उल्लेख करतात. आजच्या क्रॉसबो-विरोधकाला येथे आपला वकील सापडल्यासारखे वाटेल. परंतु त्याच निबंधात लिओपोल्ड कबूल करतात की कारखान्यात बनलेली साधने आपणही वापरतो आणि योग्य-अयोग्य साधनांमधील सीमा नेमकी कोठे हे आपल्याला ठाऊक नाही. निबंधाचे बळ या कबुलीत आहे. शिकाऱ्यासमोर टाळ्या वाजविणारा किंवा हुर्यो करणारा प्रेक्षक नसतो, म्हणून त्याचे वर्तन त्याच्या स्वतःच्या सद्‌सद्विवेकावर सोडावे लागते, असे त्यांचे म्हणणे आहे. सद्‌सद्विवेकाला सीमा अस्पष्ट असली तरी चालते. कायद्याला ती चालत नाही. त्याला पौंड, इंच आणि टक्के यांत बोलावे लागते. लिओपोल्ड यांच्या नीतीचे नियमपुस्तिकेत भाषांतर करू पाहणाऱ्यांची फसगत येथे होते.

लिओपोल्ड यांनी क्रीडासाहित्याच्या विक्रेत्यांवर ओढलेले कोरडे आज अधिक लागू पडतात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील अबकारी कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनाकडे वळविले आणि १९७२ च्या दुरुस्तीने धनुर्विद्येची साधनेही या कराच्या कक्षेत आणली. परवाना शुल्क आणि हा कर यांवर राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा संसार चालतो. शिकाऱ्यांची संख्या घटत असताना, थोड्या सरावात नेम साधू देणारे शस्त्र म्हणजे नवा ग्राहक, नवा परवाना आणि नवे उत्पन्न. क्रॉसबोच्या समर्थनार्थ समावेशकतेची जी भाषा वापरली जाते, तिच्यामागे हा हिशेबही उभा आहे.

दोन्ही पक्षांचे मौन

तरीही समावेशकतेचा मुद्दा केवळ व्यापारी म्हणून झटकता येणार नाही. खांद्याचे दुखणे झालेला साठीचा शेतकरी, दंडात तेवढे बळ नसलेली तरुण मुलगी, चाकाच्या खुर्चीवरील माणूस यांना 'तुम्ही बंदुकीच्या ९ दिवसांत या' असे सांगणे कठोरपणाचे आहे. वैद्यकीय दाखल्याची अट घातली की मानहानीही होते. विरोधकांनी या माणसाला दिलेले उत्तर आजवर समाधानकारक नाही. उलट समर्थक पक्ष या माणसाला पुढे करून धडधाकट तिशीतल्या शिकाऱ्यालाही त्याच दारातून आत घेतो. विस्कॉन्सिनमध्ये क्रॉसबोने होणारी शिकार काही वर्षांतच साध्या व कंपाउंड धनुष्याने होणाऱ्या शिकारीच्या पुढे गेली, ती केवळ वृद्ध व अपंगांमुळे नव्हे.

विरोधकांचे एक म्हणणे मात्र वजनदार आहे आणि तेच ते सर्वांत कमी मोकळेपणाने मांडतात. त्यांना रान वाटून घ्यायचे नाही. ऑक्टोबरमध्ये मचाणावर बसले असता आसपास दुसरे कोणी नसावे, हा त्या हंगामाचा खरा लाभ आहे. एकांत ही मर्यादित वस्तू आहे आणि तिच्यासाठी भांडणे लाजिरवाणे नाही. याच म्हणण्याला परंपरेचे सोवळे नेसविले की ते खोटे ठरते, कारण हातात कप्प्यांचे धनुष्य आणि मनगटाला चाप बांधलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या चापावर आक्षेप घ्यायचा असतो.

शस्त्रापेक्षा प्रदेशाकडे पाहिले तर वादाचा बराचसा भाग सुटण्यासारखा आहे. पूर्व व मध्यपश्चिमेतील ज्या उपनगरांत पांढऱ्या शेपटीची हरणे शेते व बागा फस्त करतात आणि वस्तीमुळे बंदूक चालविता येत नाही, तेथे धनुष्याच्या हंगामाचा हेतूच हरणे कमी करणे हा आहे. तेथे क्रॉसबो नाकारणे हेतूशी विसंगत होईल. पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत एल्क हरणांसाठी परवाने मोजके असतात. तेथे शस्त्र जितके परिणामकारक तितकी पुढील वर्षी संधी किंवा दिवस कमी होण्याची शक्यता अधिक. ओरेगॉनने क्रॉसबोला दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले, ते या दृष्टीने हटवादीपणाचे म्हणता येत नाही. एकच व्याख्या सर्व राज्यांना लावण्याचा आग्रह दोन्ही पक्षांनी सोडण्यास हरकत नसावी. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या, दाबलेल्या हवेच्या जोरावर बाण फेकणाऱ्या 'एअरबो'च्या बाबतीत मात्र हा उदारपणा दाखविण्याचे कारण नाही. त्यात बाण आहे पण धनुष्यच नाही. ते हवेची बंदूक आहे आणि ज्या राज्यांनी त्याला इतर हंगामात स्थान दिले त्यांनी योग्यच केले.

दोन्ही पक्ष ज्याविषयी मौन बाळगतात ते सावज आहे. मेरीलँडमधील एका नौदल तळावरील दीर्घ मुदतीच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे नेमबाजीची चाचणी उत्तीर्ण झालेल्यांनाच शिकारीची मुभा होती. तरीही बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणे शिकाऱ्याच्या हाती लागली नाहीत. कंपाउंड धनुष्य आणि क्रॉसबो यांच्यात या बाबतीत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. क्रॉसबो अधिक अचूक म्हणून अधिक दयाळू, असे समर्थक म्हणतात. क्रॉसबोमुळे अननुभवी लोक दूरवरून बाण मारून जनावरे जखमी करतील, असे विरोधक म्हणतात. या नोंदी दोघांनाही आधार देत नाहीत. चाचणी सक्तीची नसलेल्या अनेक राज्यांत मात्र परवाना विकत घेणारा कोणीही, कोणतेही मान्य शस्त्र घेऊन, मचाणावर चढू शकतो. शस्त्राच्या व्याख्येवर जितकी सार्वजनिक शक्ती खर्च झाली तिच्या काही अंशानेही सक्तीच्या नेमचाचणीचा आग्रह धरला गेला असता तर त्या पाचांतील एका हरणाचा प्रश्न निदान चर्चेत आला असता.

शस्त्रांच्या इतिहासात धनुष्य हेही कधी काळी नवागत होते. उत्तर अमेरिकेच्या बऱ्याच भागात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी त्याने भालाफेकीच्या काठीला, 'अटलाटल'ला मागे सारले. मिसुरी राज्याने या काठीलाही शिकारीच्या कायदेशीर साधनांत जागा दिली आहे, आणि तिच्याविरुद्ध कोणी फारशी तक्रार केल्याचे दिसत नाही, कारण तिने फारसे कोणी हरीण मारीत नाही. इशीला संग्रहालयात बाणांची पाती घडविण्यासाठी पारंपरिक ज्वालाकाच उपलब्ध होती. पोप यांच्या नोंदीप्रमाणे तो फुटक्या बाटल्यांची काचही तितक्याच आवडीने वापरीत असे.